आमच्या गल्लीचा रस्ता नेमका कुठे अडलाय?

कडकभाकरी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण म्हणजे एक साडेतीनशे फुटांचा रस्ता.

आम्ही सोलापुरात, विजापूर रोडच्या आत, हद्दवाढ भागात राहतो. १९९२ ला हा भाग शहरात आला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता थोरली बारावीला आहे आणि रस्ता अजून मुरमाचाच. पावसाळ्यात काळी माती चपलेला अशी धरते की एक चप्पल तिथंच सोडून लंगडी घालत घरी यावं लागतं. रिक्षावाला कोपऱ्यावरच सोडतो. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर आधी खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून न्यायचं.

महापालिकेच्या १५ जानेवारीच्या मतदानाआधी चौघं उमेदवार दारात आले होते, एकाच पॅनेलचे. चौघांनी सांगितलं, पहिलं काम हेच. चौघंही निवडून आले. मग मी 'अ' जागेवरच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, तुमची गल्ली 'ब'कडे. 'ब'वाल्या ताई म्हणाल्या, माझ्याकडे दिवाबत्ती आणि बागा, रस्त्याचं 'ड' बघतात. 'ड' भले माणूस. चहा दिला आणि म्हणाले, "ताई, इस्टिमेट करून घेतो हो, पण तुमचा लेआउट ताब्यात नाही."

इथं माझं डोकं बंद पडलं. लेआउट कुणाच्या ताब्यात नाही? आम्ही तर राहतोय तिथं, घरपट्टीही भरतोय. नगरसेवक नेमकं काय करू शकतो आणि काय नाही, हे कुणी नीट सांगेल का? शिव्या नकोत, त्या मला येतात.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ९.५२

अ, ब, क, ड झालं म्हणजे मुळाक्षरं पाठ झाली. बाराखडी पुढच्या टर्मला.

यंत्रमाग | सोमवार, रात्री १०.१५

काय बोलालाय बे, त्या ताई कळकळीनं विचारलालेत.

ताई, अ-ब-क-ड ही नुसती आरक्षणाची जागा आहे. कुठली महिला, कुठली ओबीसी, कुठली सर्वसाधारण, एवढंच. गल्लीशी त्याचा काहीही संबंध नाही. चौघंही पूर्ण प्रभागाचे. वाटणी त्यांनी आपापसात केलेली असते. तुम्ही चौघांनाही एकच अर्ज द्या आणि चौघांचीही पोच घ्या.

निवृत्त_ओव्हरसियर | मंगळवार, सकाळी ६.३०

कडकभाकरी ताई, "लेआउट ताब्यात नाही" हे खरं कारणही असू शकतं आणि पळवाटही. तुमच्या बाबतीत कुठलं, ते कागद बघितल्याशिवाय कळणार नाही. मी एका महापालिकेत पस्तीस वर्षं काढली. कुठल्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

हद्दवाढीच्या आधी सोलापूर शहर सुमारे ३३ चौरस किलोमीटर होतं, नंतर एकदम १७८ च्या आसपास गेलं. शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, सगळी गावं आत आली. म्हणजे शेतं आत आली. मूळ मालकानं शेत गुंठ्या-गुंठ्यानं विकलं, कुणी खरेदीखत केलं, कुणी नुसत्या बॉण्डवर घेतलं. नकाशात वीस फुटी रस्ता दाखवला, पण त्या रस्त्याचा सातबारा मूळ मालकाच्या नावावरच राहिला. आता खासगी जागेवर सार्वजनिक पैसा घातला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली सही करणाऱ्या अभियंत्यावर येते. म्हणून तो सही करत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही केली नसती.

आधी नगररचना विभागातून तुमच्या गट नंबरचा मंजूर रेखांकनाचा, म्हणजे लेआउटचा, नकाशा काढा. नकाशाच नाही म्हणाले तर तुमचं गुंठेवारीत मोडतं. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. ती वेगळी लढाई, प्रत्येक घरानं प्रशमन शुल्क, म्हणजे बांधकाम नियमित करून घ्यायचे पैसे, भरायची. नकाशा निघाला तर काम सोपं, कारण मंजुरीच्या अटींतच रस्ते आणि मोकळी जागा महापालिकेकडे हस्तांतरित करायचं लिहिलेलं असतं. ते मालकानं केलं नाही, कुणी मागितलंही नाही. मालक किंवा त्याचे वारस सह्या देत असतील तर प्रश्न सुटला.

दुसरं, आणि हे मी बजावून सांगतो. तुम्हाला आधी रस्ता नको, आधी ड्रेनेज हवं. मग पाण्याची लाईन. रस्ता शेवटी. नगरसेवकाला उलटं आवडतं, कारण ड्रेनेज जमिनीखाली जातं, त्यावर बोर्ड लावता येत नाही. काँक्रीट ओतलं की वर्षभरात ड्रेनेजवाले येऊन मधोमध चर पाडतात. पैसा दोनदा जातो आणि चर बुजवलेला भाग आयुष्यभर खचत राहतो.

आपल्याकडची काळी माती म्हणजे पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. ती उकरून काढल्याशिवाय, खाली मुरूम-खडीचे थर दाबल्याशिवाय वर सहा इंच ओता की आठ, ते फुटणारच. इस्टिमेटमध्ये खोदाई किती खोल धरली आहे ते बघा. आणि तयार रस्त्याची पातळी तुमच्या उंबऱ्याच्या खाली आहे ना, तेही बघा. नाहीतर पहिल्या पावसात पाणी न्हाणीघरात नाही, देवघरात येईल.

कडकभाकरी | मंगळवार, सकाळी ७.०५

काका, हे प्रिंट काढून फ्रीजवर लावते. इस्टिमेट झाल्यावर पुढे फाईल कुठे कुठे जाते तेही सांगाल का?

निवृत्त_ओव्हरसियर | मंगळवार, सकाळी ७.४०

जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, मोजून इस्टिमेट करतो, दर शासनाच्या दरसूचीतले. मग उपअभियंता, वर नगर अभियंता. मग लेखा विभाग सांगतो की त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या खात्यात, तरतूद शिल्लक आहे की नाही. फाईल सगळ्यात जास्त दिवस इथं झोपते. तरतूद असली की मान्यता, ई-निविदा, दर उघडणं. रक्कम आयुक्तांच्या अधिकाराबाहेर गेली तर विषय स्थायी समितीत. मग कार्यादेश.

नगरसेवकाच्या हातात यातलं एकही टेबल नाही. पण प्रत्येक टेबलासमोर उभं राहून "माझी फाईल कुठे आहे" एवढं विचारायचा मान त्याला आहे. तुम्हाला-मला तिथं बाकड्यावर बसवतात. नगरसेवकाचं निम्मं काम हेच, आणि ते कमी लेखू नका.

निविदा फार कमी दरानं गेली तर सावध राहा. वीस-पंचवीस टक्के कमी दरानं काम घेणारा कंत्राटदार ते पैसे कुठूनतरी वाचवणारच, आणि वाचवायला सिमेंटशिवाय आहे काय? काँक्रीटच्या नमुन्याचे चौकोनी ठोकळे भरले का आणि ते अठ्ठाविसाव्या दिवशी तपासले का, एवढं विचारलंत तरी त्याला कळतं की या गल्लीत कुणीतरी बघतंय.

पूर्वभाग | मंगळवार, दुपारी १.२०

तुमचा रस्ता तरी मोजून झाला. आमच्याकडे नगरसेवकाला एकच प्रश्न, पाणी कधी? उजनी भरून वाहिली तरी आमचा नळ चार-चार, पाच-पाच दिवसांनी.

लोकांना वाटतं मोठी लाईन आली की झालं. उजनीहून समांतर जलवाहिनी जवळपास ११० किलोमीटर, क्षमता रोज १७० दशलक्ष लिटर. आकडा ऐकून बरं वाटतं. पण ते पाणी गल्लीत यायला टाक्या हव्यात, आतल्या वितरणाच्या लाईनी बदलायला हव्यात. काही पेठांतल्या लाईनी आजोबांच्या वयाच्या. आमच्या पेठेत पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला नगरसेवकापेक्षा जास्त नमस्कार होतात, आणि ते बरोबरच आहे.

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी १.३१

पुढच्या वेळी चावीवाल्यालाच उभं करा. चावी चिन्ह घेऊन बिनविरोध येईल.

पुण्यात_सोलापूरकर | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

मला यातलं काहीच पटत नाही, माफ करा. नगरसेवक हा गटारीचा मुकादम नाही. त्यानं अंदाजपत्रक वाचावं, शहराचा विकास आराखडा वाचावा, सभागृहात बोलावं. आपण त्याला बारशापासून मयतापर्यंत प्रत्येक ठिकाणी बोलावतो, शाळेच्या ॲडमिशनची चिठ्ठी मागतो, आणि मग म्हणतो शहर मागे का पडलं.

उदाहरण देतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या नंबरवर होतं. केवढा आनंद झाला होता आपल्याला. पण तो पैसा खर्च करायला वेगळी कंपनी केली, तिचं संचालक मंडळ वेगळं. कुठला रस्ता उकरायचा, कुठला चौक सजवायचा, हे महासभेच्या बाहेर ठरलं. शंभरभर निवडून दिलेली माणसं असताना. त्यावर सभागृह महिनाभर बंद पाडायला हवं होतं. नंतर मार्च २०२२ पासून निवडणूकच नाही, जवळजवळ चार वर्षं प्रशासक. तेव्हा तरी आपल्यापैकी कुणाला सभागृहाची आठवण आली?

यंत्रमाग | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

आठवण आली की. मयताला दाखला काढायला कुणाकडे जायचं तेच कळेना. पुण्यात बसून विकास आराखडा वाचणं सोपं असतंय मालक.

पुण्यात_सोलापूरकर | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

आई-वडील अजून साखर पेठेत राहतात. पाणी आलं की बाबा मला फोन करून सांगतात, सण असल्यासारखं.

यंत्रमाग | मंगळवार, संध्याकाळी ६.५८

मग मागं घेतो शब्द.

माजी_सदस्या | मंगळवार, रात्री ११.२०

बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते, कारण दोन्ही बाजू मी आतून बघितल्या आहेत.

मी एक टर्म सभागृहात होते, महिला राखीव जागेवर. त्याआधी घरात विड्या वळायची आई आणि बँकेत शिपाई वडील, राजकारण म्हणजे टीव्हीवर दिसतं ते. पहिल्या सभेला विषयपत्रिका हातात आली, जाडजूड गठ्ठा. माझं नाव एका ठरावाला अनुमोदक म्हणून आधीच छापलेलं होतं. मला न विचारता! शेजारच्या ताई म्हणाल्या, नवीन असताना असंच होतं. हात वर करायचा आणि चहाची वाट बघायची.

सहा महिने मी हात वर केला. माझ्या वतीनं बोलायला घरातलेच एक पुरुष झोन कार्यालयात जायचे आणि अधिकारी त्यांनाच "साहेब" म्हणायचे. एकदा मी स्वतः गेले तर शिपाई म्हणाला, साहेब नाही आले का? त्या दिवशी घरी येऊन भांडण केलं. नवऱ्याशी नाही, स्वतःशी. दुसऱ्या दिवसापासून एकटी जायला लागले.

मग एका जुन्या सदस्यांनी शिकवलं. म्हणाले, गठ्ठा पहिल्यापासून वाचू नकोस, मागून वाच. आयत्या वेळचे विषय शेवटी असतात आणि खरी गंमत तिथंच असते. लेखाशीर्ष बघ, तरतूद बघ, आणि "कार्योत्तर मान्यता" असे शब्द दिसले की थांब, कारण काम आधीच होऊन गेलेलं असतं, तुझा फक्त अंगठा पाहिजे असतो.

स्थायी समितीत जायला किती मारामारी असते ते बाहेर कळत नाही. सोळाच जागा, निम्मे दरवर्षी बाहेर पडतात. जो आत त्याच्या प्रभागाच्या फायली पळतात. मी कधीच आत गेले नाही. तरीही जे झालं त्यातलं एक सांगते.

आमच्या प्रभागात विडी वळणाऱ्या बायका भरपूर. सकाळी कारखान्यात विडी द्यायला जायची वेळ आणि नळाला पाणी यायची वेळ एकच होती. विडी दिली नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली, पाणी भरलं नाही तर चार दिवस कोरडे. मग पोरी शाळा बुडवून नळावर. मी सभागृहात एकदाही बोलले नाही त्यावर. पाणीपुरवठ्यातल्या एका अभियंत्याकडे तीन महिने जात राहिले. त्यांनी झोनचं अख्खं वेळापत्रक मला कागदावर काढून दाखवलं. एका भागाची वेळ हलवली की खालच्या तीन भागांची हलते, आणि तिथले नगरसेवक दुसऱ्या पक्षाचे. मग त्या तिघांच्या घरी गेले. एकानं सरळ नाही म्हटलं. त्याच्या आईला जाऊन भेटले. तीही विड्या वळत होती एकेकाळी.

वेळ बदलली. रुपया खर्च नाही, ठराव नाही, नारळ नाही, बोर्ड नाही. पुढच्या निवडणुकीत मला तिकीटही मिळालं नाही, कारण आरक्षण फिरलं. पण अजूनही बाजारात कुणी म्हातारी भेटली तर हात धरून म्हणते, पाण्याची बाई.

पुण्याच्या भावा, तू म्हणतोस ते खरं आहे, सभागृहात बोलायला हवं. पण महासभेनं ठराव केला तरी आयुक्त तो शासनाकडे विखंडित, म्हणजे रद्द, करायला पाठवू शकतात, कलम ४५१. आमदार-खासदाराला वर्षाला पाच-पाच कोटींचा स्वतःचा निधी, आम्हाला दरवर्षी अंदाजपत्रकात जे काही लाख लिहिले जातात ते, आणि तेही तिजोरीत पैसा असला तर. मग माणूस गटारीकडे वळतो. गटार तरी दिसते.

पूर्वभाग | बुधवार, सकाळी ८.१०

ताई, आमच्या पेठेत आज ना उद्या उभ्या राहा. आरक्षण आम्ही फिरवून घेतो.

कट्ट्यावरचा_मास्तर | बुधवार, सकाळी १०.००

अवांतर आहे, पण 'गटारीचा मुकादम' वाचून राहवलं नाही. याच गावच्या नगरपालिकेनं ६ एप्रिल १९३० ला आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावला होता, इंग्रज सत्तेत असताना. पुढच्याच महिन्यात गावात मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांजवळून रोज जाणाऱ्या किती जणांना ही गोष्ट माहीत असते, देव जाणे. तेव्हाच्या सदस्यांकडेही दिवाबत्ती आणि गटारी याच होत्या. विषयपत्रिकेवर काय घ्यायचं ते त्यांनी ठरवलं.

शेंगाचटणी | बुधवार, सकाळी १०.२०

मास्तर, आज बोलायला जागाच ठेवली नाही.

कडकभाकरी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४.१५

अपडेट देते. बरंच घडलं.

नगररचना विभागात चार खेपा झाल्या. नकाशा निघाला! मंजूर लेआउट आहे आमचा. काकांनी सांगितलं तसंच अटींत लिहिलंय की रस्ते व मोकळी जागा हस्तांतरित करावी. मोकळी जागा म्हणजे जिथं आता एकाची म्हैस बांधलेली असते आणि शेजारी दोन दुकानं उभी आहेत, ते मला आत्ता कळलं. म्हशीच्या मालकाला नकाशा दाखवला तर तो म्हणाला, म्हैस हलवीन, दुकानांचं तुम्ही बघा.

'ड' साहेबांना नकाशा दिला. खोटं कशाला बोलू, माणूस हलला. दुसऱ्या दिवशी जेईला घेऊन आले, संयुक्त पाहणी झाली. मी ड्रेनेज आधी म्हणाले तर ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "ताई, गल्ली तुम्हाला शिव्या घालेल. लोकांना काँक्रीट पाहिजे." तेच झालं. गल्लीत मीटिंग घेतली, सतरा घरांपैकी नऊ जण माझ्या बाजूनं. एक काका तर म्हणाले, तुम्हाला निवडणूक लढवायची आहे का? खोदाई किती धरली ते विचारलं, तर जेईनं वहीत बघून आकडा थोडा वाढवला. माझ्यासमोर!

ड्रेनेजचं इस्टिमेट आता लेखा विभागात आहे. रोज फोन करत नाही, एक दिवसाआड करते.

आता अडलंय ते हस्तांतरणावर. मूळ मालक वारले. वारस चार, तीन भाऊ आणि एक बहीण. भावांनी सह्या दिल्या, एकानं तर चहा पाजून दिली. बहीण इंडी तालुक्यात दिलेली आहे. तिचं म्हणणं, शेत विकलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, वाटा दिला नाही, आता तुमच्या रस्त्यासाठी माझी सही कशी काय आठवली? फोनवर एवढं बोलून ठेवून दिला. मला तिचं चूक वाटत नाही, तीच अडचण आहे.

'ड' साहेब म्हणतात यात आपण पडायचं नाही, घरगुती मामला. काय करू?

निवृत्त_ओव्हरसियर | रविवार, संध्याकाळी ५.३०

मालक सही देत नसतील तरी खासगी रस्ता सार्वजनिक जाहीर करायची तरतूद कायद्यात आहे. पण त्या तरतुदीला नोटिसा, हरकती, सुनावणी लागते. या पावसाळ्यात तरी होणार नाही. सही मिळाली तर पंधरा दिवसांचं काम.

यंत्रमाग | रविवार, संध्याकाळी ५.४१

भावांनी आधी बहिणीला साडी-चोळी घेऊन जायला पाहिजे. सही नंतर.

माजी_सदस्या | रविवार, रात्री ८.०५

नकाशा आणि भावांच्या सह्या घेऊन तुम्ही स्वतः जा. भावांना नेऊ नका. रस्त्याचं नंतर काढा, आधी तिचं सगळं ऐकून घ्या. दोन तास लागतील, लागू द्या. सही नाही दिली तरी रागवून परत येऊ नका.

तिकडं कन्नड बोलतात, तुम्हाला येतं का? मला येतं. गुरुवारी मोकळी आहे. गाडी तुमची, भाकरी-चटणी माझी.

कडकभाकरी | रविवार, रात्री ८.०९

गुरुवारी सकाळी सातला आसरा चौकात. भाकरी कडक आणा.